दीडपट मागे

पुढे जाऊन नाव काढलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. मागे मागे सरत जाऊन नाव काढलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या ताईचे थोरले दीर. ताई त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून आम्ही रोह्याची सगळीच मंडळी त्यांना भाऊजी म्हणतो. माझे वडीलसुद्धा म्हणायचे, आणि भाऊजींना त्यात काही वावगं वाटत नसे. पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत त्यांचं घर आणि घराच्या पडवीला लागून फोटोचा स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो ते नाइलाजाने काढत. एका माणसाचा काय फोटो काढायचा, असं ते समोर स्टुलावर बसलेल्या त्या एका माणसालाच ऐकवायचे. त्यांचा सगळा जीव ग्रुप फोटोत. लग्न असो, मुंज असो, शाळेतल्या गुरुजींचा निरोप समारंभ असो, माणसांच्या तीन रांगा झाल्या की भाऊजींच्या अंगात यायचं. तिपाई काखेत मारून, कॅमेरा छातीशी धरून, माणसांकडे तोंड करून ते उलटे चालायला लागत आणि शेवटचा माणूस चौकटीत बसेपर्यंत थांबत नसत. आपल्या मागे काय आहे ते बघायची त्यांची पद्धत नव्हती.

मागे बरंच काही असायचं. रोह्याला एका मुंजीत आचाऱ्याचं वरणाचं पातेलं होतं. वरण निवलेलं होतं म्हणून निभावलं. भाऊजींनी बुडालेला पाय तसाच ठेवून आधी फोटो घेतला आणि मग आचाऱ्याची माफी मागितली, तीसुद्धा जागा अगदी बरोबर सापडली होती हो, अशा सुरात. खाडीकडच्या एका गावी मिठागरावर राबणाऱ्या एका मोठ्या घरातल्या सगळ्यांचा फोटो काढताना ते बांधावरून उलटे चालत थेट मिठाच्या पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात उभे राहून, कॅमेरा डोक्याच्या वर धरून ते एवढंच म्हणाले, "आता सगळी आली. हलू नका." त्या फोटोतली एकूण एक माणसं, मांडीवरची पोरंबाळं धरून, खदखदून हसताहेत. तो फोटो त्या घरात अजून दारासमोर लावलेला आहे, आणि तो कुणी काढला हे त्या गावात कुणाला विचारावं लागत नाही.

ह्या मागे सरण्यापाठी एक तत्त्व होतं, आणि ते ऐकल्याशिवाय भाऊजींकडे चहा मिळत नसे. त्यांचं म्हणणं असं, की मधल्या माणसांचा फोटो कुणीही काढील. नवरा-नवरी, यजमान, पुढारी यांना चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येत नाही. फोटोग्राफरची परीक्षा कडेला. कडेला कोण येतं? जी शेवटी पोचतात ती. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आलेली काकी, पंगतीचं बघत राहिलेला चुलता, एसटी चुकलेली आत्या, आणि आपल्याला कुणी बोलावलंच नाही म्हणून रुसून बसलेला एखादा जावई. "कडेचा माणूस कापला ना, तरी तो काय बोलत नाय," भाऊजी म्हणायचे. "फक्त फोटो भिंतीवर लागला की तो त्या भिंतीकडं बघत नाय." मग ते स्वतःच भिंतीकडे बघत बसायचे. तेवढ्यात वहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आतून कप घेऊन यायच्या आणि मला विचारायच्या, झालं का ऐकून कडेच्या माणसाचं, मग आता घ्या चहा.

मागे सरायची ही ओढ इतकी, की जगातली कुठलीही जागा ते तिथं किती मागे सरता येईल यावरच मोजायचे, आणि तेही फुटांत नाही तर लेन्सच्या आकड्यांत; आकडा जितका लहान तितकी माणसं जास्त मावणार. ज्या खोलीत पन्नासच्या लेन्सने सगळं घरदार मावतं ती खोली ऐसपैस. जिथं पस्तीसची लागते ती बरी. आणि जिथं अठ्ठावीस लावूनही पाठ भिंतीला टेकते ती कोंदट, मग ती कितीही महाग फरशीची असो. माझ्यासाठी नागोठण्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडिलांनी हौसेने भाऊजींना बरोबर घेतलं होतं. भाऊजींनी मुलीकडे एकदा, आणि दिवाणखान्याच्या चारी कोपऱ्यांकडे चारदा बघितलं. बाहेर आल्यावर वडिलांनी मत विचारलं, तर म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण हॉल अठ्ठावीसचा आहे, तुमच्याकडची सगळी माणसं त्यात यायची नाहीत. लग्न झालं, आणि दोन्हीकडच्या मंडळींचा एकत्र फोटो भाऊजींनी निडीच्या स्टेशनात काढला. नागोठणं आणि रोहा यांच्या मधलं ते एवढंसं स्टेशन. गाडी गेली की फलाट मोकळा, मागे भिंत नाही, आडवं यायला कुणी नाही. निडीइतकी चांगली जागा देवाने दुसरी केली नाही असं त्यांचं ठाम मत. मुंडावळ्या बांधून फलाटावर उभं राहिल्याबद्दल माझी बायको अजून मला बोलते. पण तिची नागोठण्याची चुलत आजी, जिला कडेला काठी टेकवत आणून उभं केलं होतं, ती त्या एकाच फोटोत आहे, हेही तीच सांगते.

आता ती अठ्ठावीसची लेन्स. भाऊजींच्या घरात देवांच्या खालोखाल तिचा मान. वहिनींच्या जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली असायची, आणि पावसाळ्यात तांदळाच्या डब्यावर, चुलीच्या उबेला ठेवलेली. ही लेन्स आणि पस्तीस मिलिमीटरची फिल्म यांचं गणित त्यांच्या पायांत इतकं मुरलं होतं, की पेण ते रोहा दरम्यानच्या प्रत्येक कार्यालयात त्यांनी जमिनीवर पांढऱ्या ऑइलपेंटचा एक ठिपका काढून ठेवला होता. ठिपक्यावर तिपाई ठेवली की समोरचं स्टेज ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येणारच. कार्यालयांचे रखवालदार ते ठिपके खरवडायचे आणि भाऊजी पुढच्या लग्नात पुन्हा काढायचे. तिपाई एकदा ठिपक्यावर बसली, की ते कॅमेऱ्यातून बघतसुद्धा नसत. भोकातून बघणाऱ्याला भोकच दिसतं, माणसं दिसत नाहीत, असं म्हणत ते कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहत, लांबलचक वायरीचं बटण हातात धरून प्रत्येकाच्या तोंडाकडे आपल्या डोळ्यांनी बघत, आणि मनासारखं झालं की दाबत.

मग डिजिटल कॅमेरे आले. भाऊजींनी बरीच वर्षं नाक मुरडलं. पण फिल्मचे रोल मिळेनासे झाले तेव्हा गुपचूप मुंबईला जाऊन एक कॅमेरा घेऊन आले. त्यावर जुनीच अठ्ठावीस बसते हे बघून ते खूश झाले, आणि लावून बघितल्यावर त्यांचं तोंड उतरलं. अठ्ठावीसमधून आळीतली पाच घरं दिसायची, आता साडेतीन दिसायला लागली. त्या रात्री त्यांनी माहितीचं पुस्तक पालथं घातलं आणि दुसऱ्या दिवशी मी सहज गेलो तर जेवणाच्या ताटावर मला शिकवणीच लावली. वहिनींनी वाढलेली तांदळाची भाकरी त्यांनी ताटात सपाट पसरली. म्हणाले, लेन्स आत जे चित्र पाडते ते ह्या भाकरीसारखं गोल असतं. फिल्म म्हणजे त्यातनं कापलेला हा एवढा चौकोन. असं म्हणून सुरीने खरोखरच कापला. नव्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो, आणि ह्याच्यातला सेन्सर फिल्मपेक्षा लहान. मग त्यांनी मोठ्या चौकोनाच्या आत लहान चौकोन कापला. भाकरी तेवढीच, थापणारीण तीच, आपला तुकडा मात्र लहान. कडेचं सगळं बाहेर. म्हणजे आपली अठ्ठावीस आता बेचाळीससारखी वागणार. पूर्वीइतकी माणसं हवी असतील तर दीडपट मागे सरा, नाहीतर अठराची लेन्स लावा. वहिनी उभ्यानं ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि ह्या कापलेल्या कडा कोण खाणार?" त्या अर्थातच वहिनींच्याच ताटात गेल्या.

अठराची लेन्स नव्हती असं नाही. नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यातूनच एक आली होती, अठरापासून पुढे फिरणारी. भाऊजींनी ती एकदा लावली, समोरच्या कारखान्याच्या दाराकडे धरली आणि काढून ठेवली. अठरावर कडा वाकतात; सरळ खांब बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखा दिसतो. कडेच्या माणसाकडे आधीच कुणी बघत नाही, त्यात त्याला वाकडा कशाला करायचा, असं म्हणून त्यांनी खोकं माळ्यावर टाकलं. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. साडीच्या तुकड्यातली अठ्ठावीस काढून तिथं दुसरी बसवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. कॅमेऱ्याच्या पाठीवर काढलेला फोटो लगेच दिसायची सोय होती, तिच्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावून टाकली. फोटो काढल्या काढल्या सगळी मंडळी रांग मोडून बघायला धावतात, हे त्यांना असभ्य वाटायचं. रोल धुऊन येईपर्यंत धीर धरायची सवय असलेला माणूस तो. संध्याकाळी घरी येऊनच पट्टी काढायचा.

बाकी दीडपटीचा त्यांना काही काळ फायदाही झाला. दोनशेची जुनी लेन्स तीनशेसारखी वागायला लागल्यावर ते पहाटे खाडीवर जाऊन बगळ्यांचे फोटो काढायला लागले, आणि बगळ्याची चोच मोठी करून मला दाखवायला लागले. दाखवता दाखवता एकदा म्हणाले, लहान सेन्सरचं एक आहे, लांबचं जवळ येतं आणि जवळचं कापलं जातं. हे त्यांनी अगदी सहज, बगळ्याच्या बाबतीत म्हटलं होतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत त्यांच्या एकुलत्या लेकीचं, मनूचं लग्न ठरलं. स्थळ रोह्याचं, जावई नोकरीला मस्कतला. लग्नात फोटो कोण काढणार, हा प्रश्न विचारायचीही कुणाची छाती झाली नाही. फेटा बांधलेले, नवा कोट घातलेले भाऊजी कॅमेरा गळ्यात घालूनच कन्यादानाला बसले. गुरुजी म्हणाले, तेवढं काढून ठेवा. भाऊजींनी पट्टा फिरवून कॅमेरा पाठीवर घेतला आणि म्हणाले, आता समोर काही नाही, तुम्ही चालू करा. विधींचे फोटो त्यांनी मधूनच उठून असे काढले, की ताईच्या म्हणण्याप्रमाणे अर्धं लग्न मुलीच्या बापाशिवाय लागलं. मनूचा हट्ट एकच होता. दोन्ही घरची सगळी माणसं असलेला एक मोठा फोटो. मस्कतच्या घरी भिंतीवर लावायला. तिथं आपलं म्हणून दुसरं कुणी दिसणार नाही, म्हणत होती.

वरात निघायच्या आधी सगळ्यांना स्टेजवर उभं केलं. भाऊजींनी रोह्याच्या त्या कार्यालयातला आपला पांढरा ठिपका शोधला, तिपाई ठेवली, वायरीचं बटण हातात घेतलं आणि नेहमीसारखे शेजारी उभे राहिले. वहिनी अजून आल्या नव्हत्या. विहीणबाईंच्या माणसांची पानं, कुणाची विसरलेली पिशवी, कुणाला खुर्ची, असं त्यांचं चाललं होतं. वराकडची मंडळी खोळंबली. कुणीतरी म्हणालंही की घ्या आता. भाऊजी हलले नाहीत. "ही आल्याबिगर दाबणार नाय," म्हणाले. शेवटी वहिनी हात पुसत आल्या, मधली जागा विहीणबाईंच्या नणंदेला दिली आणि स्वतः अगदी डाव्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. भाऊजींनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि बटण दाबलं.

वरात गेल्यावर कार्यालयात आम्ही दोघे-तिघेच उरलो होतो. भाऊजी एका उपड्या पातेल्यावर बसून चिकटपट्टी सोलत होते, मी शेजारी. कन्यादान आलं, सप्तपदी आली, मग तो मोठा फोटो आला. भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. कॅमेरा माझ्यापुढे धरून म्हणाले, "ही कुठाय?" मी टोकापर्यंत बघितलं. डावीकडे विहीणबाईंकडचे एक गृहस्थ होते, आणि त्यांच्या पलीकडे, चौकटीच्या अगदी कडेला, हिरव्या बांगड्या भरलेला एक हात. मनगटापासून कोपरापर्यंत. तो हात सोडला तर वहिनी चौकटीबाहेरच होत्या. सहा महिने ज्याला त्याला भाकरी कापून दाखवणारा माणूस, पण लेकीच्या लग्नात त्याचे पाय जुन्या ठिपक्यावर जाऊन उभे राहिले होते.

वहिनींना दुसऱ्या दिवशी सांगावंच लागलं. त्यांनी फोटो बघितला आणि हसल्या. म्हणाल्या, "राहू दे हो. हात आलाय ना माझा? लग्नात काम त्यानंच केलं." ह्याहून त्या चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मनूला तो फोटो भाऊजींनी पाठवला नाही. कार्ड बिघडलं म्हणून सांगितलं, आणि मस्कतच्या भिंतीवर काही लागलं नाही. पुढचे काही महिने भाऊजी पेण ते रोहा सगळी कार्यालयं हिंडले आणि जुने ठिपके स्वतः खरवडून दीडपट मागे नवे काढून आले. रोह्याचा नवा ठिपका दाराबाहेर सायकली लावायच्या जागी पडला. एके ठिकाणी तो भिंतीच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या तुळशीपाशी गेला, आणि शेजाऱ्यांनी पेंटचा डबा काढून घेतला. आम्ही हसलो, पण भाऊजी हसले नाहीत. कडेच्या माणसाचं तत्त्व त्यांनी पुन्हा कधी ऐकवलं नाही. चहा आता नुसताच मिळायला लागला आणि मला तो गोड लागेना.

दोन वर्षांनी मनू आणि जावई गणपतीला पेणला आले. ताईच्या सासरचा, म्हणजे भाऊजींच्याच घरचा गणपती दीड दिवसाचा. पहिल्या दिवशी आमच्यासकट सगळा गोतावळा हजर, दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन, आणि संध्याकाळी मनूची विमानतळाची गाडी. पुन्हा ती केव्हा येईल, आणि आली तरी सगळे केव्हा जमतील, कुणाला सांगता येत नव्हतं. भाऊजींनी मनाशी ठरवलं होतं, की तो राहिलेला फोटो ह्या दीड दिवसात घ्यायचा, सगळ्यांना पडवीत उभं करून, आणि वहिनींना मधोमध. अडचण एवढीच, की आळी अरुंद. पडवीसमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे लगेच गणपतीच्या कारखान्याची लांबलचक शेड. तिच्या दाराला पाठ लावली तरी दोन्ही कडांची माणसं चौकटीबाहेर.

पण पेणमध्ये वर्षभर माणसाला पाय ठेवायला जागा न देणारा कारखाना नेमका गणपतीतच रिकामा असतो. मूर्ती आपापल्या घरी गेलेल्या. मागे उरतं ते रंगांचे डबे आणि जमिनीवर पांढरी भुकटी. समोरचे कारखानदार किती रात्री जागले होते कोण जाणे, नुकते कुठे आडवे झाले होते. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या तोंडावर त्यांना उठवलं, शेडची दोन्ही दारं सताड उघडायला लावली आणि कॅमेरा छातीशी धरून आत शिरले, उलटेच. पार मागच्या टोकाला जाऊन त्यांनी तिपाई लावली. तिथून शेडच्या दारातून पडवी अशी दिसत होती, जणू नाटकाचा पडदा वर गेलाय. ह्या वेळी त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावून बघितलं. दोन्ही खांब, सगळी माणसं, मध्ये मनू आणि तिच्याशेजारी वहिनी. तिथूनच ओरडले, सगळी आली.

"बाबा, तुम्ही कुठे आलात?" मनू म्हणाली.

ते म्हणाले, मी आहे ना इथं. मनू म्हणाली, तिथं नाही, इथं; मला सगळे हवेत. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की ज्या माणसाने हजारो माणसांना चौकटीत आणलं तो स्वतः आमच्या कुणाच्याच फोटोत नव्हता, माझ्या लग्नाच्या नाही आणि लेकीच्याही नाही. कॅमेऱ्याला आपोआप फोटो घ्यायची सोय होती. कळ दाबली की लाल दिवा लुकलुकतो आणि दहा सेकंदांनी फोटो निघतो. भाऊजींनी कळ दाबली आणि धावत सुटले. पण ती एवढी लांब शेड, मग रस्ता, मग पडवीच्या पायऱ्या, आणि भाऊजींचं साठीच्या पुढचं वय. पहिल्या फोटोत ते रस्त्याच्या मध्ये, आमच्याकडे धावत येताना पाठमोरे. दुसऱ्यात पायरीवर एक पाय. तिसऱ्यात भाद्रपदातल्या चिखलावरून घसरलेले आणि जावई त्यांना उचलायला वाकलेले. आम्ही पोट धरून हसत होतो, कारखानदार झोप विसरून हसत होते. भाऊजी धोतर झटकत पुन्हा शेडमध्ये निघाले, तेव्हा आतून आरतीला बोलावणं आलं. विसर्जनाची वेळ झाली होती. मनूचं हसू थांबलं.

वहिनी आपल्या मधल्या जागेवरून खाली उतरल्या, घरात गेल्या आणि माळ्यावरचं ते खोकं पदराने पुसत घेऊन आल्या. शेडमध्ये जाऊन त्यांनी ते भाऊजींपुढे धरलं. अठरा ह्याच्यातच आहे ना, तुम्हीच भाकरीवर सांगितलं होतंत, म्हणाल्या.

"कडा वाकतात गो त्याच्यात," भाऊजी म्हणाले.

"वाकू देत. तुमच्या अठ्ठावीसनं एकदा मला बाहेर ठेवलं, आता तुम्हाला ठेवतेय. आता बास."

भाऊजींनी अठ्ठावीस काढली, साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि वहिनींच्या हातात दिली. अठरा लावली. चिकटपट्टी सोलून काढली. मग त्यांनी तिपाई उचलली आणि ग्रुप फोटोसाठी भाऊजी पुढे चालत येताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. थेट शेडच्या उंबऱ्यापर्यंत आले. आता मध्ये फक्त रस्ता होता. कळ दाबली, रस्ता ओलांडला आणि चांगले वेळेत पडवीत चढले. मधे जागा नव्हती, म्हणून डाव्या टोकाला खांबापाशी उभे राहिले. हे बघून वहिनींनीही मनूशेजारची जागा सोडली आणि त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. भाऊजींना राहवलं नाही. सगळे चौकटीत मावताहेत का ते बघायला ते रांगेकडे वळले आणि त्यांचा एक पाय सवयीने मागे सरकला, पडवीच्या काठाकडे. वहिनींनी चटकन त्यांची बाही धरली, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

तो फोटो मस्कतला भिंतीवर आहे, आणि एक पेणला. सगळे आहेत. डाव्या टोकाचा खांब थोडा वाकलाय, त्याच्यापाशी भाऊजी थोडे वाकलेत, आणि त्यांच्या सदऱ्याची बाही वहिनींच्या मुठीत आहे. घरी कुणी आलं की भाऊजी आधी सांगायचे, खांब सरळ आहे बरं का, लेन्स तशी आहे. कडेच्या माणसाचं तत्त्वही हळूहळू पुन्हा सुरू झालं, आणि चहा पूर्वीसारखा लागायला लागला.

आता आळीत बरंच बदललंय. समोरच्या शेडच्या जागी चार मजले उभे आहेत, आणि फोटो ज्याचे त्याने फोनवर काढायचे दिवस आलेत. स्टुडिओ बंद आहे. मागच्या महिन्यात मी आणि ताई गेलो तर भाऊजी पडवीत बसले होते. मी त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसलो, तरी त्यांना बराच वेळ पत्ता नव्हता. वहिनींनी सांगितलं, काचबिंदू आहे. समोरचं नीट दिसतं, बाजूचं गेलं, आणि गेलेलं परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले. भाऊजींनीच माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाले, "भाकरी तेवढीच हाय रे. माझं ताट लहान झालं." आणि स्वतःच हसले. मी हसलो, पण मला फार वाईट वाटलं.

निघताना आम्ही खाली रस्त्यात उतरलो. भाऊजी पडवीच्या काठाशी उभे होते. मी आणि ताई त्यांना एकदम दिसेनात, म्हणून ते आम्हाला दोघांना डोळ्यांत बसवायला मागे मागे सरायला लागले. मागे स्टुडिओच्या पायऱ्या होत्या. मी पुढे धावलो, पण तशी गरज नव्हती. वहिनींनी त्यांची बाही केव्हाच धरली होती. भाऊजी आमच्याकडे बघत होते, मग इकडेतिकडे बघायला लागले. "ही कुठाय?" म्हणाले.

"ही हाय की, कडेला," वहिनी म्हणाल्या.

मग भाऊजी मागे सरायचे थांबले.